पॉपाय फसला म्हणता, मग ‘ॲनी’ने कोणते दिवे लावले?

कागदी_होडी

परवा इथे एकाने वर्तमानपत्री कॉमिक स्ट्रिपवरून निघालेल्या संगीतपटांचा उतरता क्रम लावला. सगळ्यात वर १९८२चा ‘ॲनी’ (अनाथ पोरगी आणि तिला घर देणारा धनाढ्य वॉरबक्स), तळाला १९८०चा ‘पॉपाय’ (पालकाची भाजी खाऊन बळ येणारा खलाशी). कारणं चार: पॉपाय आपटला, त्यातली गाणी गुणगुणता येत नाहीत, पॉपाय झालेला रॉबिन विल्यम्स काय पुटपुटतो ते कळत नाही, आणि पालकाची भाजी अगदी शेवटी येते. खाली ‘+१’चा रतीब. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, ते वाढत गेलं, म्हणून हा स्वतंत्र धागा.

आधी ‘आपटला’चं बघू. पॉपायचा खर्च सुमारे २ कोटी डॉलर, अमेरिकेतली तिकीटविक्री ५ कोटींच्या जरा खाली. ॲनीचा खर्च साडेतीन कोटींच्या पुढे, विक्री ५ कोटी ७० लाख. ॲनीच्या नुसत्या हक्कांसाठी कोलंबिया स्टुडिओने ९५ लाख मोजले होते. त्या चढाओढीत पॅरामाउंट हरली, तेव्हा निर्माता रॉबर्ट इव्हान्सने कंपनीत विचारलं, आपल्याकडे दुसऱ्या कुठल्या स्ट्रिपचे हक्क पडून आहेत? उत्तर आलं, पॉपाय. ॲनी हातची गेली म्हणून पॉपाय आला, आणि डॉलरमागे डॉलर कुणी जास्त आणले याचा भागाकार ज्याचा त्याने करावा.

आता पालक. ज्यूल्स फायफरने पटकथा लिहिली ती ई. सी. सीगरच्या स्ट्रिपवरून, फ्लायशर स्टुडिओच्या कार्टूनवरून नाही. सीगरची ती स्ट्रिप, ‘थिंबल थिएटर’, डिसेंबर १९१९ला सुरू झाली. तिच्यात ऑलिव्ह (पुढे पॉपायची प्रेयसी) होती, तिचा भाऊ कॅस्टर होता, तिचा होणारा नवरा हॅम ग्रेव्ही होता. पॉपाय उगवला थेट १७ जानेवारी १९२९ला, कॅस्टरला बोट चालवायला कुणीतरी हवं होतं म्हणून. आणि तेव्हा त्याला बळ यायचं ते बर्निस नावाच्या कोंबडीच्या डोक्यावर हात चोळून. पालकाची मक्तेदारी १९३३पासूनच्या कार्टूनांनी आणली. सिनेमाने हे लपवलेलंही नाही. सुरुवातीलाच कार्टूनमधला पॉपाय येतो आणि आपण चुकीच्या सिनेमात शिरलो म्हणून कुरकुरतो. याहून स्पष्ट पाटी काय लावायची?

राहिली गाणी. रोजची स्ट्रिप वाचणाऱ्याला ठाऊक असतं की विम्पी आज हॅम्बर्गर मागणार, उद्याही मागणार, आणि पैसे मंगळवारी देणार. एकच सवय, फक्त चौकट वेगळी. हॅरी निल्सनची गाणी नेमकी तशी बांधलेली आहेत. एक बारीकशी ओळ, ती फिरून फिरून येते, दर वेळी पात्र जरासं पुढे सरकतं. ऑलिव्ह आपल्या होणाऱ्या नवऱ्याबद्दल, दांडगट ब्लूटोबद्दल, मैत्रिणींना सांगते ते गाणं ऐका. त्याच्यात चांगलं काय, याला तिच्याकडे उत्तर एकच आहे, तो मोठा आहे. आकाराने. ती तेच तेच म्हणत राहते आणि आपल्याला कळतं की हे लग्न होणार नाही. चार चौकटींची स्ट्रिप गाण्यात कशी उतरवायची याचं इतकं अचूक उदाहरण मला दुसरं दाखवा.

तिसरी_घंटा

आकडे फेकायचेच तर पुरते फेका. तिकीटविक्रीतला निम्म्याच्या आसपास वाटा थिएटरवाले ठेवतात. २ कोटींवर ५ कोटी म्हणजे स्टुडिओच्या हाती अडीच, त्यातून प्रिंट आणि जाहिरात वजा. बुडाला नाही, पण गुढी उभारावी असंही काही नाही. ॲनीचं गणित अर्थातच याहून वाईट, ते मी नाकारत नाही.

पण ‘गाणी स्ट्रिपसारखी आहेत’ हे समर्थन झालं का? स्ट्रिप रोज तीस सेकंद वाचायची असते. सिनेमा सलग दोन तास बघायचा असतो. संगीतिकेत गाणं आलं की पात्राला काहीतरी हवं असलं पाहिजे आणि गाणं संपेपर्यंत परिस्थिती बदलली पाहिजे. पॉपायमध्ये स्वीटहेवन गाव आपलंच गौरवगीत गातं, रफ हाउसच्या खाणावळीत सगळं अन्न आहे असं गातात, ब्लूटो मी दुष्ट आहे असं गातो. गाण्याआधी आम्हाला हे ठाऊक नव्हतं का? संगीत नाटकात पद लांबलं की निदान गायकी तरी ऐकायला मिळायची. इथे तीही नाही.

उलट ॲनीचा रंगमंचीय सांगाडा बघा. स्ट्राउस, चार्निन आणि मीहन यांनी १९७७ला ब्रॉडवेवर आणला, २,३७७ प्रयोग झाले. ‘टुमॉरो’ पहिल्याच अंकात येतं. अनाथाश्रमातून पळालेली पोरगी, थंडी, आणि समोर एक भटका कुत्रा. ती त्याला धीर देतेय असं दिसतं, देतेय स्वतःला. पुढे तेच गाणं राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या मंत्रिमंडळापुढे येतं आणि मंदीवरचा उपाय म्हणून मंत्री ते गायला लागतात. सूर तोच, प्रसंग बदलला, अर्थ कुठच्या कुठे गेला. पुनरावृत्ती हवी ना तुम्हाला? ही घ्या, कामाला लावलेली.

आणि सीगरवरची निष्ठा जरा बेताने सांगा. स्ट्रिपमध्ये ब्लूटो १९३२ला एका कथानकापुरता आला होता. त्याला कायमचा वैरी केला फ्लायशरने. सिनेमाच्या शेवटी जे गाणं वाजतं तेही सॅमी लर्नरने १९३३च्या कार्टूनसाठी लिहिलेलं. थिएटर जिथे जागं होतं त्या दोन्ही जागा, पालक आणि ते गाणं, कार्टूनच्या. सीगरच्या नव्हेत.

पालकाची_जुडी

माझ्या नावाने चर्चा चालू आहे, म्हणून हजेरी. चालू द्या.

कागदी_होडी

तिसरी_घंटा, ब्लूटोचा मुद्दा बिनतोड, घ्या एक गुण. पण तुम्ही हुशारीने पत्ता बदललात. क्रमवारीत आहे तो जॉन ह्यूस्टनचा सिनेमा. तुम्ही वकिली करताय नाटकाची. ह्यूस्टनने त्या सांगाड्याचं काय केलं ते बोला.

‘टुमॉरो’ त्याने कुत्र्यासमोरून उचलून नामावलीवर नेऊन ठेवलं. पात्राची ओळखही व्हायच्या आधी. तुमचा ‘कामाला लावलेला’ पहिला भाग तिथेच वाया गेला, उरला फक्त रूझवेल्टचा. बेघर लोक आधीचे राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांचे उपरोधाने आभार मानतात ते गाणं उडवलं, म्हणजे मंदीच उडवली. शहर बघत फिरण्याचं ‘एनवायसी’ उडवलं आणि त्याजागी रेडिओ सिटीत सिनेमा बघायला जाण्याचं नवं गाणं घातलं. तिथे पडद्यावर काय चाललंय? गार्बोचा ‘कमील’. कथा १९३३ची, ‘कमील’ १९३६चा. गोष्ट नाताळात घडते, चित्रण उन्हाळ्यात म्हणून सगळी ४ जुलैवर ढकलली. नाटकाच्या शेवटी भेट मिळते ती नाताळची. ४ जुलैला अनाथ पोरीला घर मिळणं आणि फटाके उडणं यांचा काय संबंध?

चौकोनी

दोघेही भांडताय त्या स्ट्रिपचा कर्ता कबरीत कूस बदलत असेल. हॅरॉल्ड ग्रेची ‘लिटल ऑर्फन ॲनी’ १९२४ला सुरू झाली आणि ग्रे रूझवेल्टच्या धोरणांचा कट्टर विरोधक होता. सरकारी मदत नको, संघटना नकोत, कष्ट करा आणि वर या, हा त्याचा रोजचा मंत्र. १९४४ला त्याने ॲनीचा धनाढ्य पालनकर्ता डॅडी वॉरबक्सला मारून टाकलं. या नव्या काळात त्याच्यासारख्यांना जागा उरली नाही असा सूर. १९४५ला रूझवेल्ट वारले आणि थोड्याच दिवसांत वॉरबक्स ठणठणीत परतला!

आणि १९७७च्या नाटकात हाच वॉरबक्स रूझवेल्टला सोबत घेऊन नवी धोरणं आखतो. एखाद्या स्ट्रिपचं राजकारण इतकं उलटं करूनही लोक तिला ‘क्लासिकवर आधारित’ म्हणतात, धन्य आहे. माझा आक्षेप नाही बरं का, उलटं केलं म्हणूनच ते नाटक झालं. ग्रेची ॲनी कधी मोठी होत नाही, तिची परिस्थिती सुधारली की वॉरबक्स कुठेतरी परदेशी जातो आणि ती पुन्हा रस्त्यावर. रोजच्या स्ट्रिपला हे चक्र लागतंच. नाटकाला पडदा पाडावा लागतो, त्यामुळे दत्तक घ्यावंच लागतं. आपला चिंटूही १९९१पासून त्याच वयाचा राहिला, आणि २०१२ला श्रीरंग गोडबोल्यांनी सिनेमा केला तेव्हा त्यांनाही सुट्या विनोदांऐवजी सलग गोष्ट रचावीच लागली.

दृश्याचं एक सांगतो, हे कुणीच काढलं नाही. ग्रेच्या पात्रांच्या डोळ्यांत बाहुल्या नसतात, नुसती पांढरी वर्तुळं. त्यामुळे ॲनी घाबरली की हसली ते वाचणारा ठरवतो. जिवंत नटाला हे करता येत नाही. म्हणून नाटकवाल्यांनी शहाणपणा केला, तिचे कुरळे लाल केस आणि लाल फ्रॉक शेवटच्या प्रवेशासाठी राखून ठेवला. दोन अंकभर एक साधी पोरगी दिसते आणि शेवटी एकदम स्ट्रिपमधली ॲनी समोर येते. ह्यूस्टनने ॲनी झालेल्या आयलीन क्विनला पहिल्या फ्रेमपासून कुरळं लाल केलं. हुकमाचं पान पहिल्याच हाताला टाकलं.

अवांतर: १९५९चा ‘लिल ॲबनर’ क्रमवारीत पाचवा आणि इथे शून्य उल्लेख. ब्रॉडवेवर ६९३ प्रयोग, जॉनी मर्सरचे शब्द, जीन डी पॉलचं संगीत. अणुचाचणीसाठी देशातलं सर्वांत निरुपयोगी गाव शोधतात आणि डॉगपॅच निघतं. मूळ स्ट्रिपवाल्या अल कॅपचा खवचटपणा शाबूत ठेवणारा एकमेव चित्रपट तो. सेट रंगवलेले दिसतात, दिसू देतात, कुणी खऱ्या गावाचा आव आणत नाही.

अटकेपार

चौकोनी, स्ट्रिपशी इमान राखण्याचं एक फळ तुम्ही सोयीस्कर विसरलात. पंजाब.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: वॉरबक्सचा आठ फुटी फेटेवाला भारतीय अंगरक्षक. ग्रेने १९३५ला आणला. खलनायकावर चादर टाकून मंत्र पुटपुटला की तो गायब. नाव काय, तर प्रांताचं. माणसाला स्वतःचं नावच नाही. १९७७च्या नाटकवाल्यांनी हे आणि ‘ॲस्प’ ही दोन्ही पात्रं सरळ कापली. पाच वर्षांनी ह्यूस्टनने ती परत आणली, का, तर मूळ स्ट्रिपमध्ये आहेत! जेफ्री होल्डर थोर नर्तक, त्याला ‘द विझ’साठी टोनी मिळालेत, पण तो त्रिनिदादचा. शेवटी पुलावर लटकलेल्या ॲनीला तो ऑटोजायरोतून फेटा सोडून त्याच्या आधाराने उतरतो आणि वाचवतो. फेटा, दोरीसारखा. आणि याला कुटुंबासोबत बघण्याचा सिनेमा म्हणायचं.

तिसरी_घंटा

आला भावना दुखावल्याचा प्रतिसाद. अहो, चाळीस वर्षांपूर्वीचा पोरांचा सिनेमा आहे. पंजाब त्यात सगळ्यात कर्तबगार माणूस आहे. बंगल्यावर फेकलेला बोल्शेविकाचा बाँब तोच परतवतो. ऐनवेळी पोरीला तोच वाचवतो. गोरे काय करतात? पैसे मोजतात.

अटकेपार

भावना तुमच्याजवळच ठेवा. मी मांडणीबद्दल बोलतोय. या पात्राला सिनेमात एकही गाणं स्वतःचं नाही, इच्छा नाही, घर नाही. तुमचाच नियम ना, संगीतिकेत पात्राला काहीतरी हवं असलं पाहिजे? मग पंजाबला काय हवंय ते सांगा. १९९९ला रॉब मार्शलने टीव्हीसाठी केला तेव्हा पंजाब नव्हता, २०१४च्या आवृत्तीतही नव्हता, कथेचा एक टाकाही उसवला नाही. जे काढल्याने काही बिघडत नाही ते सजावट असतं.

तिसरी_घंटा

बरं बाबा, सजावट. जिंकलात. आता अटकेहून परत फिरा.

स्टीनबेक

मूळ आरोपातला ‘पुटपुटणं कळत नाही’ हा मुद्दा सगळ्यांनी सोडून दिला आणि तोच खरा आहे. त्याचं कारण विल्यम्स नाही, ध्वनिमुद्रणाची पद्धत आहे.

नेहमीची रीत अशी. गाणं आधी स्टुडिओत मुद्रित करायचं. सेटवर ते स्पीकरवर वाजवायचं. सुरू व्हायच्या आधी मोजून ‘टिक टिक’ द्यायची, नट ओठ हलवतो. कुठलाही शॉट कुठूनही घ्या, मागच्या दोन-चार मात्रांपासून ट्रॅक लावला की लय तीच राहते. म्हणून शंभर तुकडे जोडले तरी गाणं एकसंध. आपल्याकडे सत्तर-ऐंशी वर्षं हेच चाललंय.

दिग्दर्शक रॉबर्ट ऑल्टमनने पॉपायमधली काही गाणी नटांकडून सेटवरच गाऊन घेतली. म्हणूनच रेकॉर्डवरचं गाणं आणि सिनेमातलं गाणं तंतोतंत जुळत नाही. आता यात अडतं कुठे ते बघा. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम. लय मिनिटाला १२० ठोक्यांची असेल तर दर ठोक्याला बरोबर १२ फ्रेम पडतात. नट पुढच्या टेकला जरा दमला, ११६वर आला, की ठोका १२.४ फ्रेमचा. फरक क्षुल्लक वाटतो. चार ठोक्यांची आठ आवर्तनं होऊ द्या, ३२ ठोक्यांत १३ फ्रेम मागे, म्हणजे पूर्ण एक ठोका हुकला. टेक एक आणि टेक दोन यांत कट मारायचा तर साथीचा मेळ बसणार नाही. उपाय दोन. एकतर नटाच्या कानात बारीक इअरफोन घालून साथ ऐकवायची, नाहीतर एकच लांब टेक घ्यायचा आणि वाद्यवृंद मागून चित्र बघत त्याच्या लयीवर बसवायचा.

त्यात ऑल्टमनची सवय म्हणजे दुरून झूम लेन्स आणि पसरट फ्रेम. चौकटीत माणसं वीस, बोलतायत पाच एकाच वेळी. बूम माइक (लांब काठीवरचा) आत घालता येत नाही, घातला तर दिसतो. मग प्रत्येकाच्या कपड्यात रेडिओ माइक, प्रत्येकाचा वेगळा ट्रॅक. सत्तरच्या दशकात त्याने आठ ट्रॅकची ही पद्धत बसवली होती, ‘नॅशव्हिल’ या सिनेमाला फळलीसुद्धा. पण तिथली माणसं साध्या कपड्यांत होती. पॉपायचे कपडे जाड, कोपराखाली जाड रबरी हात, तोंडात चिलीम, शेजारी समुद्र. माइकवर कापड घासतं, वारा घुसतो, चिलीम तोंडात असली की ‘प’ ‘ब’ ‘म’ सगळे एक होतात. विल्यम्सला बरंच काही नंतर डबिंगला बसून परत म्हणावं लागलं. आणि डब केलेलं पुटपुटणं हे मूळच्याहून वाईट असतं, कारण त्याला जागेचा आवाज नसतो. ओठांशी दोन फ्रेम इकडे तिकडे झालं तरी कान पकडतो.

कागदी_होडी

हे छान लिहिलंत, पण निष्कर्ष मला उलटा दिसतो. पात्र पुटपुटणारंच आहे. सीगरचा पॉपाय अशुद्ध आणि अर्धवट बोलतो. स्टुडिओत गाऊन स्वच्छ केला असता तर उरलं काय?

स्टीनबेक

पुटपुटणं आणि ऐकू न येणं यांत फरक आहे. पुटपुटणं हा अभिनय, त्याची पातळी मिश्रणात वर उचलता येते. ऐकू न येणं ही चूक, ती उचलली की समुद्रही उचलला जातो.

तिसरी_घंटा

स्टीनबेक, हेच मी मघापासून म्हणतोय, फक्त फ्रेम न मोजता. पाच-सहा महिने माल्टात बसून, जानेवारी ते जून १९८०, एक आख्खं गाव उभारून तिथला वारा रेकॉर्ड केला.

चौकोनी

गावाबद्दल वाकडं बोलायचं काम नाही. मेलिहाजवळच्या अँकर बे-त उभारलं. १६५ माणसं, सात महिने, आठ टन खिळे, लाकूड नेदरलँड्सचं, छपराच्या फळ्या कॅनडाच्या. लाटा सेटपर्यंत येऊ नयेत म्हणून खाडीच्या तोंडाशी बांध घातला. कलादिग्दर्शक वुल्फ क्रोगरने एकही भिंत काटकोनात ठेवलेली नाही. घरं उतारावर कललेली, त्यामुळे चालणारा प्रत्येक माणूस आपोआप व्यंगचित्रासारखा तोल सांभाळत चालतो. हॅम ग्रेव्हीच्या भूमिकेत बिल अर्विन, मुळात सर्कशीचा विदूषक, तो मागे कोपऱ्यात टोपीच्या पाठीमागे धावत असतो ते बघा. गाव आजही उभं आहे, पर्यटक तिकीट काढून जातात. ह्यूस्टनच्या ॲनीचा बंगला म्हणजे न्यू जर्सीतलं एक विद्यापीठ, सुट्टीत वापरलेलं.

तिसरी_घंटा

सेट चांगला आहे. सेट नेहमीच चांगला असतो. सेट गुणगुणत कुणी घरी जात नाही.

मधली_सुट्टी

‘डिक ट्रेसी’ राहिला. १९९०. सोंडहाइमची पाच गाणी, त्यातल्या एकाला ऑस्कर, सगळा सिनेमा मोजक्या सात रंगांत. स्ट्रिपचा छपाईचा रंग पडद्यावर आणणारा तोच.

चौकोनी

त्यात बरीचशी गाणी क्लबमध्ये मॅडोना स्टेजवर गाते. पात्रं रस्त्यावर चालता चालता गात नाहीत. संगीतपट नव्हे. गाणी असलेला गुन्हेपट. वेगळा धागा काढा.

त्यापेक्षा १९७२चा ‘स्नूपी, कम होम’ घ्या. शर्मन बंधूंची गाणी. स्नूपी कुत्रा बोलत नाही हा त्याच्या स्ट्रिपच्या कर्त्याचा, शुल्झचा नियम, मग मुख्य पात्र मुकं असताना संगीतपट कसा करायचा? त्यांनी गाणं स्नूपीच्या तोंडी न देता जगाच्या तोंडी दिलं. तो जिथे जातो तिथे कुत्र्यांना मनाईची पाटी आणि वरून खर्जातला भारदस्त आवाज ती मनाई गाऊन दाखवतो. समुद्रकिनारा, बस, वाचनालय, प्रत्येक ठिकाणी. तिसरी_घंटा, तुमचा नियम इथे लावा. पात्राला घर हवंय, गाणं ते नाकारतं, आणि पात्र एक शब्द बोलत नाही.

तिसरी_घंटा

बसतो नियम. स्नूपी माझ्या बाजूने.

कागदी_होडी

कुणाच्याही बाजूने नाही. तो एकच विनोद चार-पाच जागी तसाच फिरवतो, म्हणजे माझ्या बाजूने.

बरं, स्टीनबेकना विचारायचं होतं. ‘ही नीड्स मी’. ऑलिव्ह झालेली शेली ड्युव्हॉल रात्री लाकडी फळ्यांवरून एकटी चालतेय, एकच छोटं वाक्य परत परत, आवाज मध्येच सुटतो, सुरावरून घसरते, सावरते, परत घसरते. ज्या मुलीला आयुष्यात कुणी ‘तू हवीस’ असं म्हटलेलं नाही, तिला हे नुकतंच सुचलंय. चांगल्या गायिकेने गायलं असतं तर मला वाटतं आपण विश्वास ठेवला नसता. दिग्दर्शक पॉल थॉमस अँडरसनने २००२ला हेच गाणं उचलून आपल्या ‘पंच-ड्रंक लव्ह’ सिनेमात वापरलं ते उगाच नाही. गाणी गुणगुणता येत नाहीत म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं. स्टुडिओत हे झालं असतं का?

स्टीनबेक

स्टुडिओत ड्युव्हॉलला चौथ्या टेकला निर्मात्याने सूर धरायला लावला असता आणि तिने धरला असता. म्हणून नाही. हे मान्य.

पण एक लक्षात घ्या. ती एकटी आहे, रात्र आहे, संवाद नाहीत, गर्दी नाही, तिच्या हालचाली ठरलेल्या. लाइव्हसाठी याहून सोयीची परिस्थिती नाही. टेक मोजके लागतात, कट कमी, वाद्यं मागून तिच्या लयीवर बसवता येतात, ती थबकली तर वाद्यंही थबकतात. समूहगानाला हे जमत नाही. गावातली वीस माणसं ‘स्वीटहेवन’ गाणार, फळ्यांवर चालत, तर पायांचा आवाजच गाण्यावर बसतो. बुटांना रबर ठोका, फळ्यांवर कॅमेऱ्याला दिसणार नाही तिथे गालिचा घाला, तरी राहतो. नाचाची लय द्यायची तर थंपर लावतात, तीस-चाळीस हर्ट्झचा ठोका, पायाला जाणवतो, मागून फिल्टर करून काढता येतो. पण लाकडी तक्तपोशीवर थंपर लावाल तर फळ्या त्याच्याबरोबर गुरगुरतात आणि ते गुरगुरणं फिल्टरमध्ये मावत नाही.

तिसरी_घंटा

मग सरळ करा ना. ड्युव्हॉलचं लाइव्ह, गावाचं स्टुडिओत. एकेकट्याची गाणी खरी, समूहाची घोटलेली. ॲनीतलं ‘हार्ड नॉक लाइफ’ तसंच आहे, बादल्या आणि फडके स्टुडिओच्या तालावर आपटतात, एकही पोर चुकत नाही, म्हणून ते आजही चालतं. पॉपायला एवढं केलं असतं तर मी तळातून उचलून त्याला लिल ॲबनरच्या शेजारी बसवला असता. वर नाही. शेजारी.

कागदी_होडी

उपकार झाले.

स्टीनबेक

तसं करताना एक अडचण येते. स्टुडिओतला समूह कोरड्या खोलीत गायलेला असतो, ड्युव्हॉल उघड्यावर. सलग दोन दृश्यांत कान जागा बदलल्याचं लगेच सांगतो. मग स्टुडिओचा ट्रॅक सेटवर त्याच खाडीत मोठ्या स्पीकरवर वाजवून परत मुद्रित करावा लागतो आणि मूळ ट्रॅकखाली हळू मिसळावा लागतो. त्यासाठी वारा पडलेली रात्र हवी, जनरेटर दूर हवा, आणि निर्मात्याने आख्ख्या युनिटला त्या रात्रीचे पैसे देऊन गप्प बसवायला हवं.

अटकेपार

आणि फेटा?

तिसरी_घंटा

संपादक मंडळ, याला आवरा.